इनासकाकांचं थांबणं

इकडे ये मनू. म्हणजे तिकडे बंगळुरात जिथे बसली असशील तिथेच बस, पण कान इकडे दे. काय मुलगी आहेस गं! परवा फोनवर मी सांगितलं, वसईचे इनासकाका गेले, तर म्हणालीस, "ओ नो, दॅट क्वाएट अंकल ना?" आणि लगेच पुढे, "बट ममा, बाबा त्यांच्याशी बोलायचे का बंद झाले होते?" मी म्हटलं थांब, सांगते. तोंड उघडते तोवर तुझी कुठलीशी मीटिंग सुरू झाली. प्रश्न विचारायचा आणि उत्तर यायच्या आत फोन ठेवायचा, ही कुठली पद्धत? इनासकाकांनी तुला त्यांच्या लॅबच्या दारात उभं केलं नसतं. उत्तरासाठी थांबणं हेच तर त्या माणसाचं सगळं काम होतं.

म्हणून आता लिहूनच काढते. लिहिलेल्यावर फोन ठेवता येत नाही. तू मराठी हळू वाचतेस, वाच हळूच. मला घाई नाही.

तुझ्या लक्षात असेल ते एवढंच, की दर शुक्रवारी चर्चमधून परस्पर आपल्या दोह्यातल्या, मुंतझाच्या घरी जेवायला येणारे एक बुटके काका. उन्हाळ्यातसुद्धा अंगात विटकरी स्वेटर, आणि बोलताना तोंड दुसरीकडे. तू एकदा म्हणालीसही, "ही डझन्ट लाइक मी, बोलताना भिंतीकडे बघतात." तुझंच नाही गं, ते सगळ्यांशी बोलताना भिंतीकडेच बघायचे. आमटी वाढताना मी विचारलं, मीठ बरोबर आहे का, तर मान वळवून खिडकीला सांगायचे, "बरोबर आहे, वहिनी." पाहुण्यांना वाटायचं माणूस शिष्ट आहे. मला खरं कारण माहीत होतं, कारण मी त्यांच्याच लॅबमध्ये होते.

तिथे मी काउंटरवर बसायचे. कुणी तेल आणलं, कुणी पाणी आणलं, त्याच्यावर चिठ्ठी चिकटवायची आणि आत द्यायचं. माझी केमिस्ट्री शाळेच्या पुस्तकातच संपली होती. पुढची मी काचेच्या दारातून बघून आणि नको तितके प्रश्न विचारून शिकले. इनासकाका आतल्या लहान खोलीत. त्या खोलीत एक यंत्र, यंत्राला एक काचेचं भांडं, भांड्याला वरून रबरी बूच. एखाद्या तेलात किती पाणी आहे हे ते यंत्र सांगायचं. दिसणारं पाणी नव्हे हं. तेल उजेडात धरलं तर चहासारखं स्वच्छ दिसावं, आणि तरी त्यात लपून बसलेलं असतं ना, ते. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात असं तेल भरलेलं असतं, आणि त्याला पाण्याचं वावडं. इनासकाकांच्या भाषेत, "सुकेळ्यात पाणी राहिलं तर बुरशी येते. तेलात राहिलं तर स्फोट होतो."

आता एवढं कमी पाणी मोजायचं, तर आपला श्वाससुद्धा शत्रू. भांड्याच्या जवळ तोंड नेऊन बोललं की तोंडातली वाफ गेलीच. म्हणून वर्षानुवर्षं ते मान वळवून बोलले, आणि मग ती मान घरीदारी तशीच वळायला लागली. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा सवयीनं सुरू झाले, कोण आलं होतं, काय म्हणाला, त्याची बायको माझ्या माहेरची निघाली वगैरे. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि भिंतीला म्हणाले, "वहिनी, तुमचं बोलणं गोड आहे, पण त्यात पाणी फार. जरा दारात उभ्या राहून बोला."

मला राग यायला हवा होता. हसू आलं.

माणूस मोठा मजेशीर होता गं. घरात म्हणून काही साठवायचा नाही. पाच-सहा जणांत मिळून घेतलेल्या घरात त्यांची एक खोली, आणि सगळ्यांच्या फ्रिजमध्ये त्यांचा कप्पा रिकामा. कोपऱ्यावरच्या बकाल्यात रोज जायचे. एक कांदा, एक टोमॅटो, एक लिंबू. त्या दुकानाचा मालक केरळचा, वाह्यात. एकदा मी तिथेच दूध घेत होते. तो यांना म्हणाला, "साब, आज आधा नींबू दूँ? आधा कल ले जाना."

इनासकाकांनी गंभीरपणे विचार केला. म्हणाले, "कल वाला आधा सूख जाएगा. आप रख लो, चाय में डाल लेना." आणि खरंच अर्धं घेऊन गेले, पैसे पूर्ण लिंबाचे देऊन. तो दुकानदार बिचारा उरलेल्या अर्ध्याकडे बघत बसला.

आणि सुकेळी आठवतात का? वसईहून कुणी आलं की त्यांची बायको, तेरेझाबाई, सुकेळी पाठवायची. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, रोज परतायची, आणि मधासारखी झाली की केळीच्याच सोपात बांधायची. काका सांगायचे की त्यांची आई बोटानं दाबून ओळखायची, अजून एक ऊन हवं की झालं. आपल्याकडे ते तीन सुकेळी आणायचे. माणशी एक. तू पाय आपटायचीस, अजून दे म्हणून. ते भिंतीला सांगायचे, "पुढच्या शुक्रवारी आणखी एक. आजचं आज." मी म्हणायचे, "अहो, पोर आहे, द्या ना चार." तर म्हणायचे, "चार दिली तर ही तीन फ्रिजमध्ये टाकेल." आणि तू टाकलीच असतीस.

त्यांचं यंत्रही त्यांच्यासारखंच. की ते यंत्रासारखे झाले होते, देव जाणे. लॅबमध्ये इतर मुली बाटलीत भरलेलं द्रावण थेंब थेंब सोडून परीक्षा करायच्या. यांच्या खोलीत तशी बाटलीच नाही. मी विचारलं, "इनासभाऊ, पाणी आयोडीननं मोजतात म्हणता, मग आयोडीनची बाटली कुठाय?"

"नाही."

"नाही म्हणजे? संपली?"

"ठेवतच नाही."

त्यावर पुढे काही नाही. प्रश्न जेवढा, उत्तर तेवढंच. शुक्रवारी जेवायला आले तेव्हा मी पोळ्या करत होते, गरम गरम पानात टाकत होते. तेव्हा आपणहून म्हणाले, "वहिनी, माझी भूक किती, हे मोजायचं आहे. कसं मोजाल?"

"तुम्हाला विचारेन."

"मी भिडेपोटी खोटं बोललो तर?"

"मग पोळ्या मोजेन."

"बरोबर. तव्यावरून उतरली की पानात. मी खाल्ली की दुसरी. ज्या क्षणी एक पोळी पानात नुसती पडून राहिली, त्या क्षणी तुम्ही थांबा. खाल्लेल्या जेवढ्या, तेवढी माझी भूक. आता पोळी म्हणजे आयोडीन, भूक म्हणजे पाणी. आणि तवा म्हणजे वीज. आयोडीन त्या भांड्यातच, विजेनं, लागेल तसं तयार होतं. यंत्र फक्त वीज किती खर्च झाली ते मोजतं."

तुझे बाबा म्हणाले, "मग एकदम करून डब्यात ठेवलं तर काय बिघडलं?"

"डब्यातली पोळी रोज थोडी सुकते, प्रकाशराव. बाटलीतलं आयोडीन रोज थोडं मरतं. मग रोज सकाळी आधी त्यालाच तपासत बसा, आज तुझ्यात जीव किती म्हणून. त्यापेक्षा हवं तेव्हा, हवं तेवढं, तिथल्या तिथे."

तेवढ्यात तू आलीस, त्यांच्या पानातल्या पोळीचा तुकडा मोडलास आणि पळालीस. मी ओरडले. त्यांनी हात वर केला. इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "हिला रागावू नका. ही ड्रिफ्ट!"

आठवलं? कित्येक महिने ते तुला मिस ड्रिफ्ट म्हणायचे. बाहेरची ओल कुठल्या ना कुठल्या फटीतून त्या भांड्यात शिरतेच. नमुना घालायच्या आधीपासूनच यंत्र तिला गुपचूप पोळ्या वाढत असतं. ती ओल किती वेगानं खातेय, ते स्थिर व्हावं लागतं. मग नमुना घालायचा, आणि शेवटी तिच्या वाटच्या पोळ्या वजा करायच्या. म्हणून ते थांबायचे. बूच बदललं, भांडं उघडलं, की पडद्यावरचा आकडा चढायचा. मग हे स्वेटरच्या बाह्यांत हात घालून त्या आकड्यासमोर बसायचे. कुणी दारात आलं की भिंतीला म्हणायचे, "आधी शांत होऊ दे." सगळी लॅब त्यांची नक्कल करायची. चहा गरम आहे? आधी शांत होऊ दे. मॅनेजर चिडलाय? आधी शांत होऊ दे.

आता तो काळ आठव. फुटबॉलचा वर्ल्ड कप दोह्यात यायचा होता. जिकडे बघावं तिकडे क्रेन, खोदलेले रस्ते, रोज नवीन डायव्हर्शन. काल ज्या वळणानं शाळेत सोडलं ते आज बंद. सगळं गाव एका शब्दावर चाललं होतं, यल्ला, म्हणजे चला, आटपा. साहेब इंजिनिअरला यल्ला म्हणायचा, इंजिनिअर फोरमनला, फोरमन मजुराला, आणि मजूर ऊन टळायची वाट बघत मनातल्या मनात कुणाला म्हणत असेल कुणास ठाऊक. तुझे बाबा तेव्हा एका स्टेडियमच्या मागच्या सबस्टेशनवर होते. ट्रान्सफॉर्मर बसले, तेल भरलं, आता तेलाचा रिपोर्ट आला की हँडओव्हर. आणि त्यांच्या कंपनीत सरळ सांगून टाकलं होतं, हँडओव्हर वेळेवर नाही झाला तर व्हिसाचं नूतनीकरण विसरा. तुझं दहावीचं वर्ष. मध्येच गाशा गुंडाळून नाशिकला जायचं म्हणजे तुझी शाळा, बोर्ड, सगळंच. आम्ही तुला कळू दिलं नाही, पण तेव्हा आमच्या घरात भांडं पडलं तरी दोघं दचकायचो.

नमुना आला तो गुरुवारी दुपारी, आठवडा संपताना. तुझे बाबा स्वतः घेऊन आले, काचेच्या सिरिंजमध्ये. सप्टेंबरची हवा, एसीतून बाहेर पडलं की चष्मा आंधळा होतो ना, तसली. मी चिठ्ठी लावली आणि आत नेलं. बाबा माझ्या मागोमाग आत.

इनासकाकांनी नुकतंच बूच बदललं होतं. आकडा वर होता आणि हळूहळू उतरत होता. ते हात बाह्यांत घालून बसले होते.

"भाऊ, किती वेळ?"

"आधी शांत होऊ दे."

"भाऊ, कन्सल्टंटचा माणूस साइटवर बसून आहे. तो पाचला उठणार. आज रिपोर्ट त्याच्या हातात पडला नाही, तर रविवारी माझ्या खुर्चीवर दुसरा कुणी बसेल."

काकांनी हात बाह्यांत आणखी आत ओढले.

"तुम्हाला माहीतच आहे ना आमचं." बाबांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "मनूची दहावी आहे हो."

मी दारात उभी होते. एकीकडे माझं घर आणि एकीकडे तो उतरणारा आकडा. काकांनी आकड्याकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं. मग त्यांनी सिरिंज उचलली. आकडा स्थिर झालेला नसला, की नमुना घालायला यंत्र आधी नको म्हणतं. त्यांनी बटण दाबून त्याला हो म्हणायला लावलं.

तेल मर्यादेच्या आत आलं. चांगलंच आत. पुन्हा घातलं, पुन्हा आत. सही झाली, बाबा रिपोर्ट घेऊन धावत गेले. संध्याकाळी येताना तुझ्यासाठी केक आणला होता. तू विचारलंस, "हूज बर्थडे?" बाबा म्हणाले, "माझा समज."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. काका नेहमीच्या वेळेला आले. मी पानं घेतली. ते पानावर बसेनात. सोफ्याच्या कडेवर टेकले. आणि मनू, तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना कुणाच्या तोंडाकडे सरळ बघून बोलताना पाहिलं.

"प्रकाशराव, काल मी घाई केली. तो रिपोर्ट मी मागे घेतोय. आधी तुम्हाला सांगायला आलो."

बाबा हसले. त्यांना थट्टा वाटली. मग वाटेना. "म्हणजे? तेल खराब आहे?"

"मला माहीत नाही."

"मग?"

"तेच. मला माहीत नाही, आणि माहीत आहे म्हणून मी सही केली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, मिस ड्रिफ्ट सुरुवातीला भराभर तुकडे मोडत होती समजा. पुढे तिचं पोट भरलं, ती निघून गेली. पण मी शेवटपर्यंत तिच्या नावावर तेवढ्याच वेगानं पोळ्या वजा करत राहिलो. मग पाहुण्याची भूक खरी दिसेल, की कमी?"

"कमी," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ते मी अजून विसरले नाही.

"रात्रभर हिशेब जुळवत होतो," काका म्हणाले. "आकडा उतरत होता. मी वजाबाकी चढ्या आकड्यानं केली. तेल आहे त्यापेक्षा कोरडं दिसलं."

बाबा उठून दार लावून आले. तू आत कानात बोंडं घालून अभ्यास करत होतीस, तरी. मग हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, असं करा. रविवारी गुपचूप परत घाला. तेल चांगलं निघालं तर विषयच नाही, खलास. नाही निघालं तर मग बघू."

"चांगलं निघालं तरी कालचा रिपोर्ट खोटाच."

"कोण विचारतंय कालचं?"

काका सोफ्याच्या कडेवर आणखी पुढे सरकले.

"दर शुक्रवारी माझ्या घरी ताटावर बसता," बाबा म्हणाले. मला वाटलं जमीन दुभंगावी. "आणि आज माझ्याच..."

"आज बसलो नाही, प्रकाशराव," ते म्हणाले. "आज जेवून सांगितलं असतं, तर तुम्हाला नीट रागावताही आलं नसतं."

आणि उठले. दारात चपला घालताना पुन्हा मान वळली, भिंतीला म्हणाले, "पोळ्या गार होतायत, वहिनी. मनूला वाढा."

रविवारी सकाळी त्यांनी मॅनेजरला सांगितलं. मी काउंटरवरून ऐकलं. मॅनेजर बिचारा वाईट नव्हता, पण पार भांबावला. "इनास, तुम बताने क्यों आए? कोई पूछ रहा था क्या?"

"मैं पूछ रहा था," इनासकाका म्हणाले.

नवीन नमुना आणला. ते बसले. सगळी लॅब काहीतरी निमित्त काढून त्या दारासमोरून जात होती. आकडा उतरला, थांबला. थांबल्यावरही ते बसून राहिले. मग घातला. तेल ओलं निघालं. फार नव्हे, पण मर्यादेच्या पलीकडे.

मग काय झालं ते तुला अर्धं माहीत आहे. ते सगळं तेल तापवून, हवा ओढून, फिरवून फिरवून कोरडं करावं लागलं. हँडओव्हर लांबला. बाबांना काढलं नाही, देवाची कृपा, पण त्या कामावरून उचललं आणि पार वर, देशाच्या उत्तर टोकाला, रुवैसला टाकलं, मासळीच्या बंदरातल्या पंपांवर. आठवडाभर तिकडे, गुरुवारी संध्याकाळी घरी. तुला आम्ही सांगितलं, बाबांना नवीन प्रोजेक्ट मिळालं. तू म्हणालीस, "कूल." आणि लॅबनं इनासकाकांची सही काढून घेतली. काम तेच करायचे, सही मात्र एक नवीन मुलगा करायचा, आणि तो सहीआधी दर वेळी यांनाच विचारायचा, "सर, ओके ना?" हे भिंतीला सांगायचे, "ओके." त्यात त्यांना काही अपमान वाटत होता की नाही, मला कधी कळलं नाही. मी एकदा विचारलं. म्हणाले, "घाईची सही होती, घाईनं गेली."

आणि बाबा बोलायचे बंद झाले. हे तुझं उत्तर. पण अर्धं. फोन ठेवू नकोस.

मी काकांना शुक्रवारी बोलावत राहिले. ते म्हणायचे, "नको, वहिनी. प्रकाशराव म्हणतील तेव्हा." चिडून नाही गं, एखाद्या गोष्टीला लागतो तेवढा वेळ लागतो अशा सुरात. त्या आकड्यासमोर बसायचे ना, तसेच इथेही बसले होते, एवढंच. थंडीत वसईहून सुकेळी आली. त्यांनी माझ्या हातात तीन ठेवली. माणशी एक. मी दोन आपल्या दोघींची काढली आणि तिसरं बाबांच्या डब्याशेजारी ठेवलं. बाबांनी पाहिलं. हात लावला नाही. शनिवारी संध्याकाळी रुवैसला जाताना मात्र ते तिथे नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांचा डबा घासताना तळाशी केळीच्या सोपाचा तुकडा सापडला. मी काही बोलले नाही. मीसुद्धा, बघ!

मग एक दिवस मी बाबांशी फोनवर बोलत होते. तिकडे कुणीतरी माणूस मागे लागला होता, पंप चालू करू का, चालू करू का. बाबा फोन बाजूला धरून ओरडले, "अरे यल्ला यल्ला क्या लगा रखा है? पहले शांत होने दो उसको!"

आणि गप्प झाले. एकदम. मागे बंदरावरचे पक्षी ओरडत होते, तेवढं ऐकू येत होतं. कुणाचं वाक्य आपल्या तोंडात आलंय, ते त्यांच्या लक्षात आलं. मग म्हणाले, "ठेवतो."

त्या शुक्रवारी मी कणीक मळत होते, तर बाबांनी स्वतः फोन उचलला. म्हणाले, "भाऊ, तवा ठेवलाय." बस. एवढंच. आणि काका आले, विटकरी स्वेटरात, चर्चमधून परस्पर, जणू मधले महिने नव्हतेच. तुला कळलं नाही, कारण तू खोलीत बोर्डाची तयारी करत होतीस आणि पानावर आलीस तेव्हा ते मीठ बरोबर आहे हे खिडकीला सांगत होते.

तू गेल्यावर बाबांनी विचारलं. इतके दिवस पोटात ठेवलेलं असणार. "भाऊ, खरं सांगा. त्या तेलावर तो ट्रान्सफॉर्मर चालू केला असता, तर काय झालं असतं?"

काकांनी घास ठेवला. "कदाचित काहीच नाही."

माझा तव्यावरचा हात थांबला. मला वाटलं, आता पुन्हा बिनसणार.

"काहीच नाही?"

"कदाचित. चाललाही असता. कदाचित नसता. मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही."

बाबांनी पानातली पोळी मोडली. मग मला म्हणाले, "त्यांना वाढ." त्या दिवशी मी पोळ्या मोजल्या नाहीत.

आता शेवटचं. स्पर्धा सुरू व्हायच्या जरा आधीच त्यांची नोकरीची मुदत संपली. लोक म्हणाले, अहो, सारं जग इथे येतंय आणि तुम्ही निघालात? चार दिवस राहा, एक तरी मॅच बघा. ते म्हणाले, "तेरेझा वाट बघते." सामान म्हणजे एक बॅग. इतकी वर्षं दोह्यात राहून एक बॅग, मनू. मी त्यांच्यासाठी दोन पिशव्या भरून ठेवल्या होत्या, खजूर, केशर, सूकच्या बाजारातून आणलेले मसाले. त्यांनी खजुराची एक डबी घेतली आणि बाकीचं बाबांच्या हातात परत दिलं.

विमानतळावर सोडायला आम्ही दोघं गेलो. ऊन कलतं होतं. वाटेत बाबांनी न विचारता गाडी वळवली आणि स्टेडियमच्या बाहेर थांबवली. नेमके दिवे तपासत होते. ते आख्खं पांढरं घमेलं आतून पेटल्यासारखं दिसत होतं. रस्त्यावर माणसं उतरून फोटो काढत होती, पोरं खांद्यावर. मीही मान वर करून बघत बसले, तोंड उघडं टाकून. वळून बघते तर काका नाहीत.

ते स्टेडियमकडे पाठ करून मागच्या बाजूला चालत गेले होते. तिथे एक राखाडी भिंत, जाळीचं दार, वर कवटीचं चित्र. बाबांचं सबस्टेशन. तिथे कुणी फोटो काढत नव्हतं. काका जाळीपाशी उभे होते, हात बाह्यांत, आणि मान बाजूला वळवलेली, जसं काही त्यांच्या श्वासाची वाफ आत जाईल. बाबा त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मी थोडी मागे.

आतून आवाज येत होता. बारीक, एकसुरी. भरल्या घरात दुपारी कुणीतरी झोपलेलं असावं तसा.

"गुणगुणतोय," इनासकाका म्हणाले.

"हो."

दोघं ते ऐकत उभे राहिले. शेवटी काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि बाबांच्या तोंडाकडे सरळ बघून म्हणाले, "चला, प्रकाशराव. यल्ला. विमान चुकेल."

जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला मी. आणि तुझे बाबा, साइटवर सगळ्यांच्या मागे लागून लागून आवाज बसलेला माणूस, जाळीला हात लावून म्हणाले, "थांबा हो जरा, भाऊ."

थांबले ते. मागे दिवे उजळत होते, विझत होते. दोघांच्या सावल्या त्या भिंतीवर यायच्या आणि जायच्या. मला ते असेच दिसतात आता.

परवा तेरेझाबाईंनी फोनवर सांगितलं, जेवले, हात धुतले आणि खुर्चीत टेकले, ते टेकलेच. बाबा त्यानंतर गच्चीवर जाऊन बसले. मी हाक मारली नाही.

तर हे असं होतं. आता तू कधी येतेस ते सांग. पुढच्या महिन्यात बघते, लीव्ह बघते, हे मला नको. मागच्या वेळी तू येणार म्हणून मी आदल्या दिवशीच सगळं करून ठेवलं, आणि तू आलीच नाहीस. आता मी काही करून ठेवणार नाही. तू ये. बॅग दारात टाक, हात धू, पानावर बस, की मी तवा ठेवते. बाबांच्या पानातला तुकडा मोडायला इथे कुणी नाही गं. लवकर ये.